पापणीवरची रेघ

"व्रण राहतो का हो?" गेल्या दोन वर्षांत लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर मय्यतीच्या घरी, इतक्या बायकांनी आमच्या आपाच्या डोळ्यांकडे निरखून पाहत हा प्रश्न विचारला, की शेवटी आम्ही दोघी धाकट्या बहिणींनी तो सगळा अनुभव लिहूनच काढायचं ठरवलं. उत्तर तसं एका ओळीचं आहे. राहतो, पण वर्षभराने तो शोधावा लागतो. मधल्या वर्षात काय काय होतं हे मात्र कोणी नीट सांगत नाही, आणि घरात गोंधळ उडतो तो तिथेच. आमच्या घरात उडाला, आणि त्यात थोडी चूक आमचीही होती.

आपा प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. पन्नाशीनंतर तिच्या दोन्ही वरच्या पापण्यांची कातडी सैल पडत गेली आणि पडद्याच्या झालरीसारखी पापणीच्या केसांवर उतरली. फळ्यावरची वरची ओळ वाचायची तर ती हनुवटी उचलायची. दिवसभर भुवया ताणून धरल्यामुळे संध्याकाळी कपाळ ठणकायचं. आम्ही ते बीपीवर ढकलायचो आणि तिला मीठ कमी खायला सांगायचो. एकदा दुसरीतल्या एका पोराने भर वर्गात विचारलं, "बाई, तुम्हाला झोप आली का?" त्या दिवशी ती घरी येऊन गप्पच बसली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की जड पापणीची कारणं दोन असतात. एकतर पापणी उचलणारा स्नायूच कमजोर होतो, नाहीतर स्नायू ठीक असतो आणि वर जादा कातडी लोंबते. दोन्हींची शस्त्रक्रिया वेगळी. त्यामुळे आधी तपासणी नीट हवी. आपाच्या बाबतीत दोष कातडीचा होता. मग नजरेचा पट्टा मोजणारी चाचणी दोनदा केली, एकदा पापणी जशी आहे तशी आणि एकदा जादा कातडी चिकटपट्टीने वर चिकटवून. दुसऱ्या वेळी वरचं आणि बाजूचं किती जास्त दिसतं हे कागदावरच उमटलं. हा कागद जपून ठेवावा. आरोग्य विम्यात निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया धरत नाहीत, पण नजरेला अडथळा होता हे डॉक्टरांनी लिहून दिलं आणि सोबत चाचणी व फोटो असले तर निदान मागणी तरी करता येते.

घरात वाद झालाच. आमचे दुल्हेभाई म्हणाले, "या वयात नटायचं कशाला?" फुफूजानना वेगळीच काळजी होती, अल्लाहने दिलेल्या चेहऱ्यात बदल करणं बसतं का? आपाने मशिदीतल्या मौलानांना घरातून विचारून घेतलं. ते म्हणाले, दिसण्यात अडथळा येतो तो दूर करणं हा इलाज झाला. नुसत्या हौसेखातर रूप बदलणं ही वेगळी गोष्ट. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने २००७ साली मलेशियातल्या पुत्रजया इथल्या बैठकीत सौंदर्यशस्त्रक्रियेवर ठराव केला, त्यातही हाच फरक धरला आहे. अवयवाचं काम परत आणणं, दोष किंवा इजा दुरुस्त करणं एकीकडे, आणि निव्वळ नवं रूप घेणं दुसरीकडे. प्रत्येकीने आपली स्थिती जाणत्या आलिमांपुढे ठेवून विचारावं हे बरं.

तसं हे काम नवंही नाही. हजार वर्षांपूर्वी कुर्तुबाच्या अबुल कासिम अल-जहरावी यांनी 'अत-तसरीफ' या ग्रंथात वरची पापणी आखूड करण्याच्या रीती लिहून ठेवल्या आहेत. पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचत, त्यावरचा तो इलाज होता. एका रीतीत कातडी कापून टाके घालत. दुसरीत जादा कातडीची चिमटी बोरूच्या दोन काड्यांमध्ये घट्ट बांधून ठेवत, काही दिवसांनी ती वाळून काड्यांसकट गळून पडे. आपाला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मला टाकेच चालतील."

टाकेच घातले. पापणी मिटल्यावर जी नैसर्गिक घडी दिसते, बायकांत साधारण केसांच्या ओळीपासून ८ ते १० मिलिमीटर वर, तिच्यावरच चीर घेतात. म्हणून डोळा उघडा असताना व्रण घडीत झाकला जातो. कातडी बाहेरच्या कोपऱ्यापलीकडे लोंबत असेल तर चीर थोडी बाहेर, हसताना पडणाऱ्या सुरकुतीच्या रेषेत न्यावी लागते. तेवढा तुकडा मात्र उघडा राहतो. नाकाकडच्या टोकाला चीर फार पुढे नेली तर तिथे बेडकाच्या पायासारखा पडदा ओढला जातो, म्हणून तिथे हात आखडता घेतात. कातडी किती काढायची हेही मोजून. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी उरली पाहिजे असा ठोकताळा सर्जन पाळतात. नाहीतर डोळा पुरता मिटत नाही. "जास्त काढा, परत यायला नको," असं आम्ही डॉक्टरांना म्हटलं होतं. ते हसले आणि म्हणाले, "राहिलेली पुन्हा काढता येते. काढलेली लावता येत नाही."

जागेपुरती भूल दिली होती. दोन्ही पापण्यांना मिळून तासभर लागला आणि त्याच संध्याकाळी आपा घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा चेहरा पाहून आमची आई रडायलाच लागली. पापण्या वांग्याच्या रंगाच्या, फुगून डोळ्यांच्या नुसत्या फटी. हे असंच होतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज आणखी वाढते, हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर ती रात्र सुखाची गेली असती. पहिले दोन दिवस दर थोड्या वेळाने थंड शेक, तोही बर्फ फडक्यात गुंडाळून, थेट कातडीवर नाही. झोपताना उशाला दोन उशा. दिलेलं मलम. सहाव्या दिवशी टाके निघाले. पापणीचे टाके पाच ते सात दिवसांत काढायचे असतात. जास्त राहिले तर टाक्यांचेच ठिपके उमटतात, त्यामुळे "शाळेला सुटी नाही, पुढच्या आठवड्यात जाऊ" हे इथे चालत नाही. काळंनिळं ओसरायला दोन आठवडे गेले.

नमाजचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. डोकं खाली गेलं की डोळ्यांकडे रक्ताचा दाब वाढतो, ताजी जखम फुटू शकते, म्हणून वाकणं, जड उचलणं, जोराने शिंकरणं दहा दिवस बंद होतं. सजद्यात नेमकं तेच होतं. मौलानांनी सांगितलं, खुर्चीवर बसून रुकू आणि सजदा इशाऱ्याने करा, आजारपणात ही सवलत आहेच. वुजूत डॉक्टरांनी जोवर मना केलं तोवर पापण्यांवर पाणी न घेता बाकी चेहरा धुवायचा आणि जखमेच्या जागी ओला हात हलकेच फिरवायचा, तोही चालत नसेल तर तो भाग सोडायचा, असं त्यांनी सांगितलं. विचारायला आपण उगाच लाजतो. शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच डॉक्टरांना विचारावं, "पाणी कधीपासून, वाकणं कधीपासून?" आणि ते उत्तर घेऊन आलिमांकडे जावं. रमजानच्या आत-बाहेर तारीख येत असेल तर औषधांच्या वेळाही तेव्हाच ठरवाव्यात.

आता मूळ गोष्ट, व्रणाची.

पापणीची कातडी सगळ्या अंगावरची सर्वांत पातळ, मिलिमीटरभरही जाड नसते. तिला रक्त भरपूर मिळतं. म्हणून तिथली जखम इतर ठिकाणांपेक्षा लवकर आणि स्वच्छ भरते. पण भरणं म्हणजे व्रण जाणं नव्हे. टाके निघाल्यावर आपाची रेघ इतकी बारीक होती की आम्ही म्हटलं, झालं काम! चौथ्या आठवड्यात तीच रेघ लालसर झाली, हाताला दोऱ्यासारखी कडक लागू लागली. दुसऱ्या महिन्यात तर आधीपेक्षा जास्त दिसायला लागली. आम्ही घाबरून गेलो. डॉक्टरांनी समजावलं, जखम सांधायला शरीर सुरुवातीला कोलॅजन नावाचा धागा घाईघाईने, वेडावाकडा भरतं. गोधडीला आधी धावदोरा घालतात तसं. साधारण सहा आठवडे हे चालतं. मग पुढचे कितीतरी महिने तेच धागे उसवून, सरळ करून पुन्हा बसवले जातात. लाली उतरते, कडकपणा जातो. म्हणजे व्रण सर्वांत वाईट दिसतो तो पहिल्या आठवड्यात नव्हे, एक ते दोन महिन्यांच्या दरम्यान, नेमका आपला धीर सुटतो तेव्हा. पक्का निकाल सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत लागतो.

तिसऱ्या आठवड्यात आपाच्या रेषेवर मोहरीपेक्षा बारीक पांढरे दाणे आले. शेजारच्या खाला सुई गरम करून तयारच होत्या. हे दाणे म्हणजे कातडीखाली अडकलेलं केराटिन. बरेचदा आपोआप जातात, नाहीतर डॉक्टर निर्जंतुक सुईने एका मिनिटात काढतात. खालांची सुई आम्ही परत पाठवली. त्यांना राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही.

आठव्या महिन्यात आपाची रेघ पांढुरकी, केसासारखी झाली. आम्ही फोटो काढला आणि घरातल्या सगळ्यांना पाठवला. आमची चूक इथे झाली.

आमच्या भावाच्या मुलीची एक पापणी लहानपणापासून दुसरीपेक्षा जड होती. दिसायला काही अडचण नव्हती. पण ती नकाब घालते, आणि तिचं म्हणणं असं की, नकाबात जे दिसतं ते डोळेच, आणि तेच दोन सारखे नाहीत. लोक म्हणत, नकाबवालीला कसली हौस! आम्हाला तिचं म्हणणं समजत होतं. तिला आपाचा फोटो दाखवून आम्ही म्हणालो, "बघ, काही दिसतं का?" दुसऱ्या महिन्याचा फोटो आमच्याच मोबाईलमध्ये होता. तो दाखवायचं सुचलं नाही.

तिने मुंबईत शस्त्रक्रिया करून घेतली, निकाहच्या बरोबर सहा आठवडे आधी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने लग्नाची तारीख सांगितलीच नाही, कारण सांगितली असती तर त्यांनी पुढची वेळ दिली असती. काम उत्तम झालं होतं. पण सहावा आठवडा म्हणजे व्रणाचा सर्वांत लाल काळ. त्यात तिसऱ्या आठवड्यापासून तिने मैत्रिणीने दिलेलं गोरेपणाचं मलम रेषेवर चोळायला सुरुवात केली होती. आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा कितीतरी मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली दबते, मग कातडी पातळ होते, मलम बंद केलं की लाली दुप्पट उसळते. डोळ्याजवळ रोज लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूपर्यंत मजल जाऊ शकते. निकाहच्या आठवड्यात तिने मलम थांबवलं. वलीम्याच्या दिवशी मेकअपखालून दोन्ही पापण्यांवर लाल रेघा उठून दिसत होत्या. ती हॉलच्या मागच्या खोलीत बसून रडली आणि बाहेर आम्ही पाहुण्यांना सांगत होतो, तिला ॲलर्जी झाली आहे.

नंतर ती आमच्यासोबत डॉक्टरांकडे गेली, ती लेझर करा, इंजेक्शन द्या असं म्हणतच. त्यांनी आधी डोळ्यांचा दाब मोजला. तो ठीक होता, अल्हम्दुलिल्लाह. मग त्यांनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. जाड, वर उठलेल्या व्रणात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, पण पापणीत ते फार जपून द्यावं लागतं, कातडी पातळ पडून पांढरे डाग राहू शकतात. दोन महिन्यांचा लाल व्रण हा आजार नाही, तो व्रणाचा प्रवास आहे असं ते म्हणाले. व्रणाला गाठ येण्याची भीती तिला होती, कारण तिच्या आईच्या कानाच्या पाळीला टोचल्या जागी गाठ आली होती. तशी गाठ, ज्याला कीलॉइड म्हणतात, आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ कातडीत कान, छाती, खांद्यावर येते. पापणीवर ती अतिशय क्वचित येते. तरी घरात कोणाला असेल तर शस्त्रक्रियेआधी सांगावंच. आपल्या रंगात जास्त आढळतो तो काळसर डाग. जखमेच्या कडेने कातडी काळवंडते आणि उन्हाने ते पक्कं होतं. म्हणून काही महिने बाहेर जाताना काळा चष्मा. जखम पुरती मिटल्यावर डॉक्टर सांगतील ते सनस्क्रीन, डोळ्यात जाणार नाही अशा बेताने. सिलिकॉन जेल दोघींनाही दिलं होतं. त्याने थोडा फायदा होतो, जादू होत नाही.

सुरम्याबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण आमच्या दोन्ही रुग्णांनी तो मागितला. ताज्या चिरेजवळ सुरमा-काजळ नको, किमान डॉक्टर हो म्हणेपर्यंत. त्याचे कण जखमेत बसले तर रेघ कायमची काळी राहू शकते. आणि एरवीही पाहून घ्यावं. बाजारातला पुष्कळ सुरमा शिशाच्या खनिजाचा असतो आणि शिसं अंगात जाणं कोणाच्याच भल्याचं नाही, लहान मुलांच्या तर मुळीच नाही.

पहिले काही आठवडे डोळे कोरडे पडतात, वारा लागला की पाणी येतं, झोपेत पापणी किंचित उघडी राहते. कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि रात्री मलम यावर भागतं. ज्यांना आधीच कोरडेपणा आहे, थायरॉइडमुळे डोळे पुढे आलेले आहेत, मधुमेह वर-खाली होतो, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी ते आधीच सांगावं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशा गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ज्यांनी हृदयासाठी दिल्या त्यांनाच विचारावं. हकिमाचं चूर्ण, लसणाच्या किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या, यांचीही नावं सांगावीत. आपण त्यांना औषध धरतच नाही.

व्रणाला धीर लागतो, असं आम्ही एवढं लिहिलं. पण एका गोष्टीला धीर चालत नाही. शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः पहिल्या दिवस-रात्रीत, एका डोळ्यात अचानक जोराची कळ आली, डोळा पुढे ढकलल्यासारखा कडक फुगला, दिसणं अंधुक झालं किंवा एकाची दोन दिसू लागली, तर डोळ्याच्या मागे रक्त साठत असण्याची शक्यता असते. हे साधारण दोन हजारांत एखादीला होतं आणि नजर कायमची जाणं त्याहून कितीतरी विरळा आहे. पण वाचवायला वेळ मिळतो तो तासांचाच. सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी निघावं. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये आधीच असावा. नंतरच्या दिवसांत पू, ताप, वाढती लाली आणि ठणका दिसला तरी थांबू नये.

भाचीच्या शस्त्रक्रियेला आता वर्ष होत आलं. लाली सातव्या महिन्यात गेली. उजव्या पापणीच्या बाहेरच्या टोकाला थोडा काळसरपणा आहे, तो ती स्वतः दाखवते तेव्हाच दिसतो. नवऱ्याला तिने सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, वलीम्याच्या दिवशी त्याचं लक्ष बिर्याणी कमी पडते की काय इकडे होतं. आपाच्या बाहेरच्या कोपऱ्यातली दोन-तीन मिलिमीटरची रेघ अजून आहे आणि हसली की सुरकुत्यांत मिसळते. कपाळ ठणकणं थांबलं आहे. मीठ मात्र आम्ही अजून कमीच देतो.

आता कोणी "व्रण राहतो का हो?" असं विचारलं की आम्ही मोबाईलमधला आठव्या महिन्याचा फोटो आधी काढत नाही. दुसऱ्या महिन्याचा काढतो. आपाला ते बिलकूल आवडत नाही. "तोच बरा सापडतो तुम्हाला," म्हणते.